लाइट लावू नका, हे आधीच सांगून ठेवा

खुर्च्या चांगल्या आहेत, हे आधी लिहिते. गुडघ्याचं दुखणं असलेल्या बाईला पाच तास बसता आलं आणि मध्ये एकदाच उठावं लागलं, यापेक्षा खुर्चीची आणखी काय तारीफ करायची. कळ दाबली की पाय वर येतात, पाठ मागे जाते. आठ जणांची खोली, भिंतींना गालिच्यासारखं जाड कापड, समोर भिंतभर पडदा. पश्चिम नागपुरात एका दुकानांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हे खासगी थिएटर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली एक मोठी तक्रार आहे आणि चालवणारी दोन पोरं मेहनती आहेत. अशी थिएटरं आता शहरात बरीच निघाली आहेत. मी लिहिते ते कुठल्याही ठिकाणी जाण्याआधी उपयोगी पडेल.

बहुतेक लोक तिथे वाढदिवस करायला जातात. मी फोन केला तर पोरानं पहिलंच विचारलं, "बड्डे कोणाचा आहे काकू?" म्हटलं, कोणाचाच नाही. "मग अ‍ॅनिव्हर्सरी?" तेही नाही. "मग डेकोरेशन कोणतं लावू?" मी म्हटलं, "बेटा, काहीच लावू नको. आम्हाला अंधार पाहिजे आणि आवाज पाहिजे. दोन कोरियन सिनेमे पाहायचे आहेत, दोन्ही सुडाचे, दोन्हींत रक्तपात आहे. मध्ये कोणी आत यायचं नाही." तो हो म्हणाला. त्या होकाराबद्दल पुढे लिहिते.

आम्ही चौघी होतो. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली १४ कॅज्युअल्टीत. माझ्याबरोबर रात्रपाळ्या केलेली एक सिस्टर. आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, ज्यांना डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळे मावशीच म्हणायचे, आता सत्तरीच्या पुढे आहेत. आणि माझी भाची, जिच्यामुळे मला या सिनेमांचा नाद लागला. पाच तासांचे २२०० रुपये, म्हणजे माणशी ५५०. दोन सिनेमे आणि एवढं सुख या पैशात मिळालं, माझी तक्रार पैशाबद्दल नाही.

एक सूचना. तिथे तुमच्या फोनवरून किंवा तुमच्या खात्यावरून सिनेमा लावून देतात, पण डिस्कचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. आमच्याकडे भाचीनं बाहेरून मागवलेल्या ब्लू-रे डिस्क होत्या, म्हणून आम्ही घरचा प्लेअर आणि वायर पिशवीत घालून नेली. जोडायला वीस मिनिटं गेली आणि ती वीस मिनिटं त्यांनी आमच्या वेळेत धरली नाहीत. चांगली गोष्ट, लिहायलाच पाहिजे.

खाणं सोडून द्या. पॉपकॉर्न ठीक, बाकी सगळं मऊ पडलेलं. मावशींनी डब्यात सांबारवडी आणली होती. बाहेरचं खाणं चालत नाही अशी पाटी आहे, पण विचारलं तर पोरं नाही म्हणाली नाहीत, आणि त्यांनीही दोन-दोन खाल्ल्या.

आता ज्यासाठी गेलो ते. पहिला सिनेमा 'बिडेव्हिल्ड', २०१० सालचा. दिग्दर्शक जांग चोल-सू, त्यांचा हा पहिलाच सिनेमा, आणि पहिलाच सिनेमा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात, क्रिटिक्स वीक या समीक्षकांच्या विभागात दाखवला गेला. आधी ते नावाजलेले कोरियन दिग्दर्शक किम की-दुक यांच्या हाताखाली काम करत होते. इंग्रजी नावावरून वाटतं की भुताखेताचं काही असेल. कोरियन नावाचा अर्थ वेगळा आहे: किम बोक-नाम खून प्रकरणाची संपूर्ण हकीकत. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या फायलीवर लिहितात तसं नाव. भाचीनं हे सांगितलं तेव्हापासून मला तो सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायचा होता.

सबटायटल इंग्रजी होते. मावशींना इंग्रजी येत नाही, माझ्या मैत्रिणीला पळती अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून भाची वाचून सांगत होती, आणि थोड्या वेळानं तिचं सांगणं आपोआप आपल्या बोलीत यायला लागलं. पडद्यावर ती सून नवऱ्याचा मार खाऊन स्वयंपाकघरात उभी, आणि इकडे अंधारात आवाज, "काहून मारून राहिला तिले? तिनं काय केलं?" मल्टिप्लेक्समध्ये असं बोललं तर चार लोक मागे वळून पाहतील. इथे खोली आपली असते. मी म्हणते, कोरियन सिनेमा घरच्या बायकांना दाखवायचा असेल तर खासगी थिएटर घेण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. एक तरुण पोरगी वाचणारी पाहिजे आणि तिला थांबवायला कोणी नको.

कथा थोडक्यात सांगते. शेवट थोडा उघडा पडेल, ज्यांना चालणार नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडावेत. सेऊलमध्ये बँकेत काम करणारी हे-वोन नावाची बाई एका मुलीवर हल्ला होताना पाहते, पण ठाण्यात हल्लेखोरांना ओळखायचं नाकारते. कामावर भांडण होतं, सक्तीची सुट्टी मिळते, आणि ती लहानपणीच्या बेटावर जाते. तिथे तिची बालमैत्रीण बोक-नाम आहे. बेटावर मोजकी माणसं. नवरा मारतो, दीर हात टाकतो, घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या तिला बैलासारखं राबवतात आणि वर म्हणतात की बाईनं पुरुषाच्या ओंजळीनं पाणी प्यावं. बोक-नामनं मैत्रिणीला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. मैत्रिणीनं ती उघडलीसुद्धा नाहीत.

हा सिनेमा स्लॅशर म्हणून ओळखला जातो, म्हणजे धारदार हत्यारानं एकामागून एक माणसं मारली जातात तो प्रकार. पण पहिला तासभर आणि त्याच्याही पुढे एकही खून होत नाही. तेवढा वेळ दिग्दर्शक आपल्याला फक्त पाहायला लावतो, कोण कोण गप्प बसतं ते. लेकीला घेऊन ती पळायला निघते, होडीवाला दगा देतो, झटापटीत लेक मरते. पोलीस चौकशीला येतो तेव्हा अख्खं बेट एकमुखानं खोटं बोलतं. आणि जी एकटी बाहेरची आहे, शिकलेली आहे, जिनं पाहिलं आहे, ती म्हणते, मी झोपले होते. मावशी इथे मोठ्यानं म्हणाल्या, "सांग नं व! तुले कोन काय करनार हाय?" सो यंग-ही नावाच्या अभिनेत्रीनं बोक-नामचं काम केलं आहे. लेक गेल्यावरचा तिचा चेहरा मी शब्दांत उतरवू शकत नाही. मोठ्या पडद्यावर तो चेहरा आपल्याहून मोठा होतो, हेच २२०० रुपयांचं मोल आहे.

मग बटाट्याचं वावर येतं. भर ऊन. म्हाताऱ्या सावलीत बसल्या आहेत, ती एकटी बटाटे काढते आहे. मध्येच थांबते, मान वर करते आणि डोळे उघडे ठेवून सूर्याकडे पाहत राहते. खूप वेळ. मग विळा उचलते. तिकडचा विळा आपल्यासारखा चंद्रकोरी नसतो, लाकडी मुठीला पातं जवळजवळ काटकोनात बसवलेलं असतं. मावशींचं माहेर कळमेश्वरकडचं, त्यांनी आयुष्यात गहू कापले आहेत. त्या लगेच म्हणाल्या, "याची मूठ आखूड हाय, वाकून मारा लागन." आणि खरोखर ती वाकूनच मारते.

नेमका इथे दरवाजा वाजला. पोरगा आत आला, त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं, सगळे लाइट लागले, निळे-गुलाबी पार्टीचेसुद्धा. "काकू, कोल्ड कॉफी कोणाची?" माझी खरी तक्रार ही. ऑर्डर आम्हीच दिली होती, मान्य. पण मध्ये कोणी यायचं नाही हे फोनवर सांगितलं होतं आणि तो हो म्हणाला होता. ज्या सिनेमानं तासाहून जास्त वेळ एक एक काडी रचली, त्याला आग लागण्याच्या क्षणी त्यानं खोलीभर उजेड पाडला. माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी होतं, तिनं पटकन पदर लावला. पोरगा चांगला, माफी मागितली, सिनेमा दहा मिनिटं मागे घेऊन दिला, पण तो क्षण दुसऱ्यांदा तसा येत नाही. म्हणून सांगते, आत जाण्याआधी तीनदा सांगा. ऑर्डर सिनेमा सुरू होण्याआधीच मागवून घ्या. आणि पार्टीच्या लाइटचा स्विच वेगळा आहे का, तो पाहा. आणखी एक: उन्हाचा भाग मुळातच पांढराशुभ्र आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरातले सबटायटल दिसेनासे होतात. प्रोजेक्टरचा उजेड थोडा कमी करून मागा. मागितला की करून देतात.

लोक मला विचारतात, आयुष्यभर रक्त पाहिलेल्या बाईला घरी बसून पुन्हा रक्त काहून पाहायचं असतं? मी आजवर उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून ते सुचलं, म्हणून इथे लिहिते.

कॅज्युअल्टीत बाया येत. सोबत नवरा किंवा सासू. कारण काय ते सोबतचा माणूस सांगायचा, डॉक्टर लिहायचे, मी रजिस्टरात उतरवायची: बाथरूममध्ये घसरून पडली. जिन्यावरून पडली. घसरून पडलेल्या माणसाला कोपराला लागतं, गुडघ्याला लागतं, तळहात सोलतात. दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळच्या मऊ जागी, चार निळे ठसे एका ओळीत आणि पलीकडून एक, असं पडण्यानं होत नाही. ते बोटांचे ठसे असतात. हात डोक्यावर घेऊन वार अडवला की करंगळीकडच्या हाडावर लागतं. हे मला पहिल्या वर्षातच समजलं होतं. मावशींना माझ्या आधी. आणि तरी मी स्वच्छ अक्षरात लिहायची, घसरून पडली. कधी त्या बाईकडे पाहायची, ती नजर खाली करायची, मागे रांग असायची. काही वेळा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं. पुष्कळदा नाही सांगितलं. ते माझ्या अक्षरात आहे.

हे-वोन म्हणते, मी झोपले होते. मी त्या वाक्यासाठी हा सिनेमा तीनदा पाहिला आहे.

बोक-नाम वावरातून चालायला लागली तेव्हा मावशी अंधारात एकच शब्द बोलल्या, "कस्तुरबानगर." आम्हा दोघींना पुढे काही सांगायची गरज नव्हती. भाची तेव्हा पाळण्यात होती, तिला सांगावं लागलं. १३ ऑगस्ट २००४, दुपारची वेळ, आपलं जिल्हा न्यायालय. बलात्काराचे आणि खुनाचे आरोप असलेल्या, वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला कस्तुरबानगरच्या बायकांनी न्यायालयातच ठार केलं. घरातले चाकू आणि तिखटाची पूड घेऊन गेल्या होत्या. खटला चालला, दहा वर्षांनी २०१४ मध्ये आरोपी सुटले. २००४ च्या त्या रात्री मी ड्युटीवर होते. वॉर्डातल्या बाया पलंगांवर उठून बसल्या होत्या आणि एकमेकींना हळू आवाजात सांगत होत्या. एवढ्या जागा असलेल्या बाया मी वॉर्डात कधी पाहिल्या नाहीत. मी मारण्याची बाजू घेत नाही. ज्या हातांनी ३१ वर्षं जखमा धुतल्या त्यांना ते जमणार नाही. पण चाकू हातात येण्याआधी त्या बायकांनी कुठे कुठे, किती वेळा सांगून पाहिलं असेल, तो हिशेब मला मोठा वाटतो. कोरियन सिनेमा तोच हिशेब मांडतो. खून त्याच्या शेवटी येतो.

हत्यारांचंही तसंच आहे. तिकडे सामान्य माणसाला बंदूक जवळ ठेवता येत नाही, कायदा फार कडक आहे. म्हणून त्यांच्या सिनेमात विळा येतो, हातोडा येतो, स्वयंपाकघरातली सुरी येते. घरात आधीपासून असलेली वस्तू. भाचीनं घरी दाखवलेला २००६ चा 'ब्लडी रियुनियन' तसाच, जुने विद्यार्थी आजारी बाईंना भेटायला येतात आणि एक एक जण मरत जातो. त्याचं कोरियन नाव म्हणजे १५ मेच्या शिक्षक दिनाला तिकडची पोरं जे गाणं म्हणतात त्याचंच नाव, गुरूचे उपकार. शाळेत पोराला वर्गासमोर एकदा लाजवलं तर ते किती वर्षं टिकतं, हे त्यात आहे. २००८ चा 'डेथ बेल' परीक्षेच्या मार्कांवरून. तो मला साधारण वाटला, पोरापोरींची ओरड फार.

दुसरा सिनेमा, 'आय सॉ द डेव्हिल', हाही २०१० चाच. दिग्दर्शक किम जी-वून. ली ब्युंग-हुन नायक, आणि खुनी म्हणून चोई मिन-सिक, तेच 'ओल्डबॉय'मधले, ज्या सिनेमाला २००४ साली कान महोत्सवात ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. यात गुप्तचर खात्यातल्या माणसाच्या होणाऱ्या बायकोचा खून होतो. तो सुट्टी काढतो, खुन्याला शोधतो, त्याच्या पोटात माग काढणारी गोळी उतरवतो, हात मोडतो आणि सोडून देतो. वर पाकिटात पैसेही ठेवतो. मग पुन्हा पकडतो, पुन्हा मोडतो. तिकडच्या मानांकन मंडळानं प्रदर्शनाआधी यातला काही भाग कापायला लावला होता.

आवाजाच्या बाबतीत थिएटरची खरी परीक्षा इथे झाली आणि ते पास झालं. टाचेच्या वरची जाड शीर कापतात तो प्रसंग आहे. ती शीर तुटलेला माणूस मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे, मशीनचं पातं लागलेला. पोटरी वर गोळा होते आणि पाय लोंबतो. पडद्यावर तो आवाज खालच्या स्पीकरमधून आला तेव्हा माझ्या स्वतःच्या पोटरीला गोळा आला. भाचीनं डोळे झाकले. मावशी झोपल्या होत्या.

तरी मला हा दुसरा सिनेमा पहिल्याइतका लागला नाही. बनवलेला उत्तम आहे, चोई मिन-सिकसारखं काम करणारा माणूस विरळा. पण नायकाकडे सुट्टी आहे, यंत्रं आहेत, सरकारी शिक्षण आहे. त्याचं सगळे ऐकतात. त्याच्या सुडाच्या खेळात होणारा सासरा आणि मेहुणी भरडली जातात, आणि शेवटी तो रस्त्यानं रडत चालतो तेव्हा मला त्याचा राग आला. बोक-नामचा आला नाही. माझ्या मैत्रिणीचं मत उलटं आहे. ती म्हणाली, सुडानं हाती काही लागत नाही हे याच सिनेमात खरं दाखवलं आहे, तिकडे विळ्याचा आपल्याला आनंद होतो आणि तो होऊ नये. आम्ही यावर पायऱ्या उतरेपर्यंत बोलत होतो.

पायऱ्यांचंही लिहायचं राहिलं. लिफ्ट आहे पण त्या दिवशी बंद होती, आणि ती बंद असते असं खालच्या दुकानदारानं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर फोनवर आधी विचारा. गाडी लावायला मागच्या बाजूला जागा आहे. स्वच्छतागृह स्वच्छ होतं.

मावशींना एक एक पायरी उतरवताना मी पुढच्या सिनेमाचं सांगत होते. 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स', २००३ चा, दुसऱ्या सिनेमाच्याच दिग्दर्शकाचा. तो ज्या जुन्या कोरियन लोककथेवर बेतला आहे ती जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणींची. सावत्र आई खोटा आळ घेते, थोरलीचा जीव जातो, मग धाकटीचा. दोघींची भुतं होतात. पण ती भुतं सावत्र आईच्या मानेवर बसत नाहीत. ती रात्री गावच्या न्यायाधिकाऱ्याकडे जातात, झालेलं सांगायला. तो भुतं पाहूनच मरतो. नवा अधिकारी येतो, तोही भीतीनं मरतो. भुतं पुन्हा जातात.

मावशी कठड्याला धरून थांबल्या. "मंग? कोनी लिहून घेतलं का नाई?"

म्हटलं, घेतलं. पुढे एक न घाबरणारा आला. त्यानं दोघींना विचारलं, काय झालं ते सांगा, आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग चौकशी लावली.

"थे पाहू," मावशी म्हणाल्या. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळची वेळ घेतली आहे, तीन तासांची. पोराला पुन्हा सांगितलं आहे, लाइट लावायचे नाहीत.